मीटरवरच्या लाल दिव्याची उघडझाप

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. विद्युत शक्ती आणि विद्युत ऊर्जा या धड्यावरची गणितं तिला सुटतात, मार्कही चांगले पडतात. तरी आपल्याला यातलं खरं काही कळलेलं नाही, असं तिला वाटतं. ‘आय स्क्वेअर आर’ (आय म्हणजे धारा, आर म्हणजे रोध, धारेला होणारा अडथळा) हे सूत्र सांगतं की रोध वाढला की शक्ती वाढते. ‘व्ही स्क्वेअर बाय आर’ (व्ही म्हणजे व्होल्टेज) सांगतं की रोध वाढला की शक्ती कमी होते. दोन्ही एकाच पानावर छापलेली आहेत. ४० वॅट आणि १०० वॅटचे बल्ब एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडले तर ४० वॅटचा जास्त उजळतो, हे उत्तर तिनं पाठ केलंय, पण ते तिला पटलेलं नाही. शिक्षकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सूत्रात किमती टाक, उत्तर येतं.” मोठा भाऊ म्हणतो, सगळेच पाठ करतात. पुढे विज्ञान घ्यायचं की नाही, हे तिला आता ठरवायचंय. ती लिहिते, “ज्यांना फिजिक्स जमतं त्यांना ते आतून दिसतं. मला दिसत नाही. ताई, म्हणजे हा माझा प्रांत नाही ना?”

तुझं पत्र वाचून मी आधी कागद घेतला आणि ती दोन सूत्रं एकाखाली एक लिहिली. तू म्हणतेस तशी ती एकमेकांशी भांडताना दिसतात खरी. बावीस वर्षं मी हा धडा शिकवला. ही सूत्रं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की मुलं मुकाट्यानं वहीत उतरवून घ्यायची. ‘बाई, दोन्ही एकाच वेळी खरी कशी?’ असं विचारणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. तुला वाटतं, काहींना हे पहिल्या झटक्यात दिसतं आणि बाकीच्यांना कधीच दिसत नाही. माझ्या पाहण्यात तसं नाही. ज्यांना पुढे हे स्वच्छ कळलं, त्यातले बहुतेक आधी नेमके इथेच अडखळले होते. अडखळल्यावर ते घाईनं पुढे गेले नाहीत, एवढंच.

अडखळण्याचं एक कारण तर भाषेतच आहे. आपण म्हणतो, ‘अंगात शक्ती उरली नाही’, ‘शक्ती राखून ठेव’, ‘सगळी शक्ती खर्ची पडली’. म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातली शक्ती ही साठवायची आणि खर्च करायची गोष्ट आहे. भौतिकशास्त्रात साठवली जाते, खर्च होते ती ऊर्जा. तिथली शक्ती म्हणजे ते काम किती वेगानं होतंय, एवढंच. काळ-काम-वेगाची गणितं तू केली असशील. तिथला कामाचा वेग म्हणजेच ही शक्ती. त्यामुळे एक आठवडा असं कर: पुस्तकात ‘शक्ती’ आलं की मनात ‘दर सेकंदाला किती ऊर्जा’ असं वाच. वॅट आलं की ‘दर सेकंदाला इतके ज्यूल’ असं वाच; ज्यूल हे ऊर्जेचं एकक. वाक्यं लांबतील, वाचायला कंटाळा येईल, पण वाच.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं एकदा विचारलं होतं, “बाई, बल्ब बंद केला की त्याचे साठ वॅट कुठे जातात?” वर्ग हसला. मी घाईत होते, “कुठे जात नाहीत, बस खाली,” म्हणून मोकळी झाले. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. ती शक्तीला बल्बमध्ये भरून ठेवलेली वस्तू समजत होती, आणि मराठी बोलणाऱ्या कुणालाही तसं वाटणं साहजिक होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला उलट विचारलं, “पंखा थांबला की त्याचा वेग कुठे जातो?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “जात नाही, नुसता थांबतो.” तिचं उत्तर तिलाच सापडलं होतं.

आता तू घरातल्या विजेच्या मीटरसमोर जाऊन उभी राहा. हात लावायचा नाही, काही उघडायचं नाही, नुसतं बघायचं. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा उघडझाप करत असतो आणि त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो: कुठे १६००, कुठे ३२००, कुठे आणखी काही. एक किलोवॅट-तास, म्हणजे बिलावरचं एक युनिट, एवढी ऊर्जा मीटरमधून गेली की दिव्याची तेवढ्या वेळा उघडझाप होते, असा त्याचा अर्थ. समजा तुमच्या मीटरवर ३२०० आहे. एक किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल. ३६ लाखांना ३२०० नं भाग. एका उघडझापीला ११२५ ज्यूल. दिवा सावकाश मिचको नाहीतर भराभर, एका उघडझापीमागे तेवढेच ज्यूल गेलेले असतात.

घरातल्यांना सांगून बाकी सगळं थोडा वेळ बंद ठेव आणि फक्त २००० वॅटची विजेची किटली लाव. दर सेकंदाला २००० ज्यूल जाताहेत, म्हणजे दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा मिचकेल. मग किटली बंद करून फक्त ९ वॅटचा एलईडी बल्ब लाव. सेकंदाला ९ ज्यूल या चालीनं ११२५ ज्यूल व्हायला १२५ सेकंद लागतात. दिवा एकदा मिचकेल, आणि मग दोन मिनिटं उलटून गेली तरी काहीच होणार नाही. तू उभी राहून कंटाळशील. तेवढा कंटाळा मुद्दाम सोस, कारण २००० आणि ९ यांतला फरक कागदावर वाचून जितका कळतो त्यापेक्षा त्या वाट बघण्यात जास्त कळतो.

उघडझापीची घाई म्हणजे शक्ती. उघडझापींची मोजणी म्हणजे ऊर्जा. किटली बंद केली की घाई थांबते, पण मोजणी जिथे पोचली तिथेच राहते. बिलावरचे युनिट म्हणजे ही मोजणी. उघडझापी घाईत झाल्या की सावकाश, हे युनिटच्या आकड्यात उमटत नाही.

म्हणून ‘जास्त वॅटचं उपकरण जास्त वीज खातं’ हे वाक्य अर्धवट आहे. २००० वॅटच्या किटलीत लिटरभर पाणी साधारण तीन मिनिटांत उकळतं. दिवसातून तीनदा लावली तर नऊ मिनिटं, म्हणजे ३०० वॅट-तास. जिन्यावरचा जुन्या पद्धतीचा, तारेचा झिरोचा बल्ब नावाला झिरोचा. त्याचे वॅट शून्य नसतात. समजा तो १५ वॅटचा आहे आणि विसरून रात्रंदिवस चालू राहिलाय. २४ तासांचे ३६० वॅट-तास झाले. किटलीपेक्षा जास्त.

जाता जाता किलोवॅट-तासाबद्दल. ‘किलोवॅट प्रति तास’ असं पुष्कळजण लिहितात, शिकलेली माणसंही लिहितात, आणि तिथे सगळा अर्थ उलटतो. ‘प्रति’ म्हणजे भागाकार, इथे आहे गुणाकार. प्रकाशवर्ष आठव. नावात वर्ष आहे, पण मोजतो अंतर, कारण प्रकाशाच्या वेगाला वर्षानं गुणलंय. किलोवॅट-तासात ऊर्जेच्या वेगाला तासानं गुणलंय, म्हणून मोजली जाते ऊर्जा. वॅटच्या पोटात ‘दर सेकंदाला’ आधीच बसलेलं आहे. वेळेनं गुणलं की ते नाहीसं होतं आणि ज्यूल उरतात.

आता तुझ्या भांडणाऱ्या सूत्रांकडे येते. त्या दोघांनाही थोडा वेळ बाजूला ठेव आणि ‘व्हीआय’ समोर घे. हे सूत्र तू पाठ केलंयस, पण ते पाठ करायची गरजच नव्हती, असं मला म्हणायचंय. कूलोम हे विद्युत प्रभाराचं एकक. व्होल्ट म्हणजे दर कूलोममागे किती ज्यूल. अँपिअर म्हणजे दर सेकंदाला किती कूलोम. दोघांचा गुणाकार कर: कूलोम छेदले जातात आणि ‘दर सेकंदाला किती ज्यूल’ एवढंच उरतं, म्हणजे वॅट. किटली २२० व्होल्टवर २००० वॅटची असेल तर तिच्यातून सुमारे ९.१ अँपिअर धारा वाहते. दर सेकंदाला ९.१ कूलोम जातात आणि प्रत्येक कूलोममागे २२० ज्यूल पाण्याच्या वाट्याला येतात. सूत्र असं वाचता येतं. तुझ्या वहीतल्या दहा गणितांत आकड्यांबरोबर एककंही लिही आणि ती छेदून बघ. कुठे चुकलीस ते उत्तर ताडून न बघताही कळेल.

आणि वर्ग का, हे कुणी सांगितलंय का तुला? ‘आय स्क्वेअर’ मधला स्क्वेअर येतो कुठून? रोध तोच ठेवून धारा दुप्पट करायची असेल तर व्होल्टेज दुप्पट करावं लागतं. म्हणजे सेकंदाला दुप्पट कूलोम जातात आणि शिवाय प्रत्येक कूलोम दुप्पट ज्यूल देतो. दोन दुणे चार. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यानं १८४० च्या सुमारास हेच मोजून दाखवलं. पाण्यात तारेचं वेटोळं, जवळ थर्मामीटर आणि भरपूर चिकाटी. तेव्हा तो बाविशीच्या आतबाहेर होता आणि कुठल्याही विद्यापीठात शिकवत नव्हता. त्यानं पाणी किती तापलं ते बघितलं आणि त्यातून त्याला वर्ग सापडला. तू त्याच वर्गापाशी थांबली आहेस, फक्त तुझ्या हातात आधी सूत्र पडलं.

‘रोध वाढला की शक्तीचं काय होतं?’ हा प्रश्नच अपुरा आहे. त्याला पुढचा अर्धा भाग हवा: रोध वाढताना बाकी काय तसंच राहिलं? व्होल्टेज तसंच राहिलं तर रोध वाढल्यावर धारा घटते, कूलोम कमी जातात, शक्ती कमी होते. ते ‘व्ही स्क्वेअर बाय आर’. धारा तशीच राहिली तर तेवढेच कूलोम जास्त रोधातून ढकलायला प्रत्येकामागे जास्त ज्यूल लागतात, शक्ती वाढते. ते ‘आय स्क्वेअर आर’. दोन्ही सूत्रं खरी आहेत, ती दोन वेगवेगळ्या परिस्थितींबद्दल बोलताहेत. पुस्तकात ती एकाखाली एक छापली जातात आणि परिस्थितीचा उल्लेख राहून जातो. गणित हातात घेतलं की पेन टेकवण्याआधी वर कोपऱ्यात एक शब्द लिही, ‘स्थिर काय?’. माझ्या अनुभवात या धड्यातल्या निम्म्याहून जास्त चुका एवढ्यानं टळतात.

तुझ्या दोन बल्बांना हे लावून बघू. बल्बवर छापलेले १०० वॅट हा त्याच्या अंगचा गुण नाही. ते एक वचन आहे, ‘मला २२० व्होल्ट मिळाले तर’ अशा अटीचं. त्या अटीवरून रोध काढ: १०० वॅटच्या बल्बचा ४८४ ओहम, ४० वॅटच्याचा १२१० ओहम. कमी वॅटच्या बल्बचा रोध जास्त, कारण घरात दोघांनाही व्होल्टेज सारखं मिळतं आणि ज्यानं कमी घाई करायची त्यानं धारा जास्त अडवायला हवी. आता ते एकसर जोड. एकूण रोध १६९४ ओहम, धारा सुमारे ०.१३ अँपिअर. ४० वॅटचा बल्ब सुमारे २० वॅटनं जळतो, १०० वॅटचा जेमतेम ८ वॅटनं. अट मोडली, वचनही गेलं. दोघांपैकी कुणालाच २२० व्होल्ट मिळालेले नाहीत; एकाला सुमारे १५७, दुसऱ्याला ६३.

इथे घाई करू नकोस, कारण तुझी दोन्ही सूत्रं इथे एकाच जोडणीत एका वेळी काम करताहेत. दोन्ही बल्ब मिळून किती शक्ती? साधारण साडेअठ्ठावीस वॅट, म्हणजे एकट्या ४० च्या बल्बपेक्षाही कमी. का? कारण जोडीला मिळणारं व्होल्टेज स्थिर आहे, २२०, आणि जोडीचा रोध वाढलाय. हे ‘व्ही स्क्वेअर बाय आर’ सांगतं. मग त्या साडेअठ्ठावीसची दोघांत वाटणी कशी होते? दोघांतून धारा एकच आहे, म्हणून ज्याचा रोध जास्त त्याला वाटा जास्त. हे ‘आय स्क्वेअर आर’ सांगतं. एक सूत्र एकूण ठरवतं, दुसरं वाटे ठरवतं. मला स्वतःला हे असं दिसलं तेव्हा मी शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

एक खुलासा करते, नाहीतर पुढे कुणी प्रयोग केला की आकडे जुळणार नाहीत. या गणितात रोध बदलत नाही असं धरलंय. खऱ्या बल्बच्या तारेचा रोध तापल्यावर खूप वाढतो. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याएवढाच असतो. एकसर जोडणीत १०० वॅटचा बल्ब नीट तापतच नाही, त्यामुळे त्याचा रोध आणखी कमी राहतो आणि त्याच्या वाट्याला आठ वॅटही येत नाहीत. निकाल तोच, फक्त आणखी ठळक. हे घरच्या विजेवर करून बघायचं नाही, अजिबात नाही. प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, सेल आणि टॉर्चचे दोन वेगळे बल्ब घेऊन कर.

मोबाइलचं एवढंच सांगते की बॅटरीवरचे ५००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे ५ अँपिअर-तास) म्हणजे ऊर्जा नव्हे, तो प्रभार आहे. त्याला बॅटरीच्या सुमारे ३.८५ व्होल्टनं गुणलं की १९ वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा येते. फास्ट चार्जर यात भर घालत नाही, तो तेवढीच ऊर्जा घाईनं भरतो. तुझ्या भावाला हे विचार. तो पाठांतरानं सुटणारा प्रश्न नाही.

पण भावाला पूर्ण चुकीचं ठरवू नकोस. काही गोष्टी पाठ हव्यातच: व्होल्टची व्याख्या, अँपिअरची व्याख्या, ओहमचा नियम. या तोंडावर नसतील तर विचार करायला हातात काही उरत नाही. पाठ करायचं नाही ते ‘एकसरमध्ये कमी वॅटचा बल्ब जास्त उजळतो’ यासारखं तयार उत्तर, कारण प्रश्नात एक शब्द बदलला की तेच उत्तर तुला बुडवेल. परीक्षा अगदी तोंडावर आली असेल तर आत्ता पाठ कर, मार्क मिळव आणि सुट्टीत परत या धड्याकडे ये. त्यात काही लबाडी नाही. सुट्टीत परत यायचं मात्र विसरू नकोस.

शिक्षकांकडे पुन्हा जा. “मला हा धडा कळला नाही” असं म्हटलं की समोरचा माणूस सूत्रच पुढे करतो, कारण कुठून सुरुवात करावी ते त्यालाही कळत नाही. त्याऐवजी विचार, “सर, या जोडणीत धारा स्थिर आहे की व्होल्टेज, आणि ते कशावरून ओळखायचं?” एवढ्या नेमक्या प्रश्नाला सूत्रात किमती टाकून उत्तर देता येत नाही. हे वाचणाऱ्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे: ‘किमती टाका’ म्हणण्याआधी मुलांना अंदाज करायला सांगा, कोणता बल्ब जास्त उजळेल आणि का. चुकलेला अंदाज वहीत राहू द्या, खोडू नका.

राहिला विज्ञान घेण्याचा प्रश्न. तुला दुसरं काही जास्त आवडत असेल, इतिहास, चित्रकला, हिशेब, काहीही, तर ते घे. आवड हे पुरेसं कारण आहे. ‘मला आतून दिसत नाही’ हे मात्र कारण म्हणून मी मान्य करणार नाही, निदान एका धड्यावरून तरी नाही. दोन आठवडे दे. मीटर, एककं, ‘स्थिर काय?’ आणि रोज एक गणित कुणालातरी मोठ्यानं समजावून सांगणं, ऐकणाऱ्याला विज्ञान येत नसेल तर उत्तमच. त्यानंतर स्वतःला विचार, प्रश्न सुटला तेव्हा मला सुटकेचा श्वास आला की पुढचा प्रश्न सुचला? पहिलं असेल तर दुसऱ्या शाखेचा विचार मोकळ्या मनानं कर. दुसरं असेल तर तुला काय घ्यायचंय ते तुझं तुलाच कळेल.

मीटरची नोंद मला पाठव. दिव्याजवळ छापलेला आकडा लिही, कोणतं उपकरण चालू होतं ते लिही आणि दोन उघडझापींमधले सेकंद लिही. सगळं बंद केल्यावरही दिवा मिचकत असेल तर घरात कुठेतरी काहीतरी चालू आहे. ते शोधायला खोल्या धुंडाळू नकोस, आधी सेकंद मोज. ३२०० च्या मीटरवर ७५ सेकंद भरले तर ११२५ ला ७५ नं भाग, आणि मग जिन्यावर जाऊन बघ.